नाकारता येत नाही

"पोरींनो, हा फोटो बघा आणि सांगा, हिला काय झालंय?"

डॉक्टर अळतेकरांनी पडद्यावर छातीचा एक एक्स-रे लावला होता. कामाला लागून आम्हाला आठवडासुद्धा झाला नव्हता. उजव्या बाजूला, फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी, एक मळकट पांढरी सावली दिसत होती. पुढच्या रांगेतली एकजण भीत भीत म्हणाली, "टीबी?"

डॉक्टर खूश झाले. त्यांना हेच उत्तर हवं होतं.

"टीबी नाही, वेणी!" ते टाळी वाजवून म्हणाले. "आपल्याकडच्या मुलींच्या वेण्या म्हणजे दोरखंड. फोटो काढताना केस वर बांधायला सांगायचे, ते कुणी सांगत नाही. मग वेणी खांद्यावरून खाली येते आणि तिची सावली फुफ्फुसावर पडते. आमच्या सरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, अळतेकर, बाईचा फोटो असेल तर आधी केस बघ, मग फुफ्फुस बघ. ज्याला वेणी आणि क्षय यांतला फरक कळत नाही, त्यानं भाजी विकावी."

सगळे हसले. आमचा टीम लीडर सम्मेद मगदूम तर खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. मी हसले नाही. माझं डोकं तापलं होतं. कारण माझ्या आयुष्याची माती ज्या सावलीनं केली ती कसली सावली होती हे मला त्या दिवशी, त्या क्षणी कळलं. आणि ते सांगत कोण होता, तर ज्यानं ती माती केली तोच.

हे सगळं सांगलीतल्या आमच्या ऑफिसात घडलं. आमच्या कंपनीचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यानं आपले जुने एक्स-रे आणि त्यांचे रिपोर्ट कंपनीला दिले होते. डॉक्टर लोक रिपोर्ट लिहितात ते आपल्या मनाला येईल तसे, कुणी दोन ओळींत, कुणी पानभर. आम्ही ते वाचायचे आणि तक्त्यात बसवायचे. अवयव कुठला, बाजू कुठली, काय दिसलं, आणि शेवटी तीन चौकटी: आहे, नाही, अनिश्चित. पुढं त्या तक्त्यावरून कॉम्प्युटर शिकणार होता. एक रिपोर्ट दोघी वेगवेगळ्या वाचायच्या. दोघींचं उत्तर जुळलं तर पुढे, नाही जुळलं तर तो वादातला रिपोर्ट. वादातले रिपोर्ट गुरुवारी डॉक्टर अळतेकरांसमोर जायचे. ते मूळ फोटो उघडून निकाल द्यायचे, आणि तो शेवटचा.

नोकरी धरली तेव्हा हे डॉक्टर आमचे तज्ज्ञ आहेत हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी ते दारातून आत आले तेव्हा मी त्यांना चालीवरून ओळखलं. त्यांनी मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधी बघितलंच नव्हतं.

मी मालगावची, वर्षाराणी खोत. कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर खेळायचे. जिल्ह्याच्या सामन्यात माझं गळ्याखालचं, डाव्या हासळीचं हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं, तरी मी खेळायची थांबले नाही. एकोणिसाव्या वर्षी पोलीस भरतीला उतरले. धावणं, गोळाफेक, लेखी, सगळ्यांत नाव वर. शेवटी राहिली ती वैद्यकीय तपासणी. छातीचा फोटो मिरजेच्या त्या दवाखान्यात काढला. मला कुणी केस बांधायला सांगितलं नाही. त्या वयात माझी वेणी कमरेच्या खाली यायची आणि आईला तिचा कोण अभिमान.

रिपोर्ट इंग्रजीत होता. अर्थ एवढाच: उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात धूसर सावली, जुना क्षय नाकारता येत नाही, लक्षणांशी ताडून पाहावे. खाली सही, श्रीनिवास अळतेकर.

भरतीवाले म्हणाले, "ह्याच डॉक्टरांकडून क्षय नाही असं स्वच्छ लिहून आणा, यादी बंद व्हायच्या आत. घेतो." मी मिरजेला धावले. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर सकाळपासून बसले. ते दुपारी जेवायला बाहेर पडले तेव्हा मी कागद पुढं केला.

"साहेब, एवढं 'नाही' लिहून द्या. मला साधा खोकलासुद्धा नाही. रोज ग्राउंड मारते मी."

त्यांनी कागद बघितला, मला नाही. "काय लिहिलंय ते नीट वाच. 'आहे' असं मी कुठंच म्हटलेलं नाही. 'नाकारता येत नाही' म्हटलंय. दोन्हींत फरक आहे."

"मग 'नाही' लिहा की साहेब."

"आणि उद्या निघालं काही, तर जबाबदारी कोण घेणार? तू?"

ते जिना उतरून गेले. मी संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होते, पण ते परत आले ते दुसऱ्या दारानं. यादी बंद झाली.

नोकरी गेली ती गेलीच. पण घरात जे झालं त्याला तोड नाही. माझे वडील आधीच गेलेले. घरात आई, दादा आणि मी. आईनं तो रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला आणि रेशनकार्डाच्या शेजारी ठेवला. वर्षभरानं मी दुसऱ्या डॉक्टरकडं फोटो काढून, काहीही नाही असा स्वच्छ रिपोर्ट आणला. तोवर मी रागाच्या भरात केस कापून टाकले होते, त्यामुळं सावली येणार कुठून? आईनं तो कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"जुना म्हंजे बरा झालेला," ती म्हणाली. "आता दिसंना झाला आसंल. पर हुता तर खरा? अळतेकर डाक्टर काय येडं हायत व्हय?"

मिरज भागात अळतेकरांचं नाव म्हणजे देवाच्या खालोखाल. त्यांनी लिहिलेलं दुसरा कुणी पुसू शकत नव्हता.

जयसिंगपूरचं एक स्थळ आलं. मुलगा मला आवडला होता, मीही त्याला. सुपारी फुटायच्या दिवशी आई पाहुण्यांसमोर हात जोडून म्हणाली, "मागनं कळण्यापरीस आधी सांगितल्यालं बरं. पोरीला टीबी हुता." पाहुण्यांनी चहासुद्धा पुरता घेतला नाही. पुढं दादाचं लग्न झालं, वहिनी आली, मुलगा झाला. बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा मला कधी ओलांडता आला नाही. पोरगं रांगत माझ्याकडं आलं की आई त्याला कुठूनशी येऊन उचलायची आणि माझ्याकडं न बघता म्हणायची, "त्याला भूक लागलीया." एवढी भूक जगात कुठल्या पोराला लागली नसेल.

तर असा हा सगळा हिशेब. ऑफिसात त्या दिवशी वेणीचा विनोद ऐकला आणि मी ठरवलं, ह्या माणसाच्या तोंडून, माझ्या आईसमोर, एकच शब्द वदवून घ्यायचा. नाही. तिच्या मुलीला क्षय नव्हता. त्याशिवाय मरायचं नाही.

मी जास्तीचं काम मागून घेऊ लागले. इतर मुली वेळ झाली की पर्स उचलायच्या, मी आणखी एक गठ्ठा उघडायचे. सम्मेद म्हणायचा, "वर्षाताई, तुमच्यासारख्या आणखी दोघी मिळाल्या तर कंपनी वर येतीय बघा." मला कंपनी वर यायचं काही पडलं नव्हतं. रिपोर्टवरून रुग्णाचं नाव कापलेलं असायचं, डॉक्टरचंही. वय, स्त्री की पुरुष, कशासाठी तपासणी, एवढंच राहायचं. तेवढं मला पुरेसं होतं.

एका सोमवारी सापडला. वय एकोणीस, स्त्री, भरतीपूर्व तपासणी. डाव्या हासळीचं हाड मोडून वाकडं जुळलेलं. आणि खाली तेच वाक्य, माझं पाठ झालेलं. मी मूळ फोटो उघडला. माझ्या बरगड्या, माझं वाकडं हाड, आणि उजव्या खांद्यावरून खाली उतरलेली माझी वेणी. आता मला ती स्पष्ट दिसत होती, पेडाला पेड. सावली फुफ्फुसाच्या हद्दीत थांबतही नव्हती, तशीच वर मानेपर्यंत गेली होती. म्हणजे ज्यानं हा फोटो धड एकदा बघितला असता त्याला ते कळलं असतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. रडू नव्हतं ते, संताप होता.

नियमानं तिथं 'अनिश्चित' भरायला हवं होतं. मी 'नाही' भरलं. दुसऱ्या मुलीनं अर्थातच 'अनिश्चित' भरलं, आणि रिपोर्ट वादात गेला.

"काय ओ वर्षाताई," सम्मेद म्हणाला, "वाक्यात सरळसरळ 'नाकारता येत नाही' लिहिलंय, तुम्ही 'नाही' कसं टाकलंत?"

"सरांना विचारू की. ते आहेत कशाला?"

गुरुवारी आम्ही सगळ्या मोठ्या पडद्यासमोर बसायचो. डॉक्टर मध्ये खुर्चीत, हातात चहा. निकाल देताना ते शिकवायचेही, आणि शिकवण्यापेक्षा जास्त करमणूक करायचे. 'अनिश्चित' ह्या चौकटीवर त्यांचा भारी राग. त्या दिवशीही त्यांनी सुरुवात तिथूनच केली.

"ही चौकट म्हणजे पळवाट आहे, मी सांगतो. डॉक्टरला पगार कशाचा मिळतो? ठरवण्याचा. हो म्हण नाही तर नाही म्हण. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?"

मी मान डोलावली. कबड्डीत एक गोष्ट लवकर शिकवतात, चढाईला आलेल्याला धरायची घाई करायची नाही, त्याला आपल्या अंगणात खोल येऊ द्यायचं.

माझा रिपोर्ट आला. सम्मेदनं वाक्य वाचून दाखवलं आणि फोटो उघडला. डॉक्टरांनी चष्मा वर केला, पडद्याकडं जेमतेम बघितलं आणि हसायलाच लागले.

"अरे, ही तर वेणी! परवा काय सांगितलं मी? ती रेघ बघा, मानेपर्यंत गेलीये. फुफ्फुस काय मानेत असतं?" मुली हसल्या. "कुणी भरलं 'नाही'?"

"मी, सर."

"शाबास. बरोबर आहे. 'नाही' करा."

"सर, निकालाचं कारण लिहावं लागतं," मी म्हटलं. टाइप करायला मीच बसले होते. "काय लिहू?"

"लिही. केसांची सावली. क्षय नाही. वाचणाऱ्यानं फोटो पाहिलेलाच नाही." त्यांना रंग चढला. "कोण होता हा दीडशहाणा? एका तरुण मुलीच्या रिपोर्टवर असलं वाक्य टाकायचं म्हणजे काय चेष्टा आहे? भरतीला निघाली होती बिचारी. असल्या माणसाच्या हातात सहीचं पेन देऊ नये."

"हेही लिहू, सर?"

"लिही की. माझं नाव घालून लिही. घाबरतो काय मी?"

मी शब्दन् शब्द लिहिला आणि बटण दाबलं. मग पिशवीतून आईचं ते लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. सकाळी कपाटातून काढून आणलं होतं. उठले आणि डॉक्टरांच्या चहाशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"तोच रिपोर्ट आहे, सर. ह्याच्यावरचं नाव कापलेलं नाही. वर माझं आहे, खाली तुमचं."

त्यांनी वाचलं. मी त्यांचा चेहरा बघत होते, पापणीसुद्धा लवू दिली नाही. इतकी वर्षं मी ह्या क्षणाची स्वप्नं पाहिली होती आणि खोटं कशाला बोलू, तो स्वप्नापेक्षा चांगला निघाला. आधी त्यांना कळलं नाही, मग सही दिसली, मग पडद्यावरच्या वाकड्या हाडाकडं नजर गेली आणि तिथून माझ्या गळ्याकडं.

"सम्मेद," ते म्हणाले, "ते 'अनिश्चित' करा."

सम्मेद बिचारा उभा राहिला. "सर?"

"अनिश्चित करा म्हणतोय ना. त्या काळातले फोटो असे स्वच्छ यायचे नाहीत. छापील फिल्मवर बघून..."

"सर, निकाल फिरवायचा तर नवीन कारण लिहावं लागतं. नावासकट. तुम्हीच ठेवलाय नियम." सम्मेदनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "काय लिहू?"

ज्या मुली मघाशी हसत होत्या त्या आपापल्या नखांकडं बघायला लागल्या. डॉक्टर उठले, चहा तसाच टाकून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. जिन्याशी त्यांना गाठलं.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "सगळ्यांसमोर केलंस. आणखी काय पाहिजे?"

"माझ्या आईला सांगा."

"मी लिहून देतो. आत्ता देतो, सही-शिक्क्यासकट."

"लिहिलेलं तिच्याकडं आहे. तोंडानं सांगा. घरी येऊन."

"ते शक्य नाही."

"मग पुढच्या गुरुवारी मी परत विचारेन. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. तुमच्या दवाखान्याचे रिपोर्ट अजून ढीगभर आहेत, सर, आणि मला जास्तीचं काम करायची सवय आहे."

ते माझ्याकडं बघत राहिले. पहिल्यांदाच नीट बघत होते. "रविवारी," शेवटी म्हणाले.

रविवारी डॉक्टर अळतेकर येणार म्हटल्यावर आईला आकाश ठेंगणं झालं. तिनं अंगण झाडून सडा घातला, ठेवणीतलं लुगडं काढलं, वहिनीकडून शिरा करवून घेतला. का येतायत हे मी सांगितलं नव्हतं. दादा बाजाराला गेला होता. डॉक्टर गाडीतून उतरले तेव्हा शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले आणि आईची मान आणखी ताठ झाली.

"बसा की, डाक्टरसाहेब. आमच्या गरिबाच्या घरात तुमचं पाय लागलं." ती खाली चटईवर बसली. "तुमचा कागुद मी अजून जपून ठेवलाय बगा. बाकीच्यांनी काय काय सांगितलं, म्या न्हाई ऐकलं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीला टेकून उभी होते. मी त्यांना कसलीही मदत केली नाही.

"बाई," ते म्हणाले, "त्या रिपोर्टचंच सांगायला आलोय. तुमच्या मुलीला क्षय नाही."

"आता न्हाई, ते हायच. देवाची किरपा."

"आता नाही असं नव्हे. कधीच नव्हता. ती केसांची सावली होती. माझी चूक झाली."

आई हसली. समजूतदार माणसं हसतात तसं. "तुमी मोठी मानसं. पोरीच्या मनाला बरं वाटावं म्हून बोलताय. कळतंय मला."

"मी कुणाच्या मनासाठी बोलत नाही!" डॉक्टरांचा आवाज चढला. त्यांना लवकर सुटायचं होतं. "मी फोटो नीट बघितला नव्हता. बघितला असता तर तेव्हाच 'नाही' लिहिलं असतं. तिला काहीही झालेलं नव्हतं. आता कळलं?"

आईचं हसू तसंच ओठावर राहिलं आणि डोळे बदलले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी शिऱ्याची बशी घेऊन उभी होती, ती तिथंच थांबली. तिच्या मागून पोरगं डोकावत होतं.

"काईच न्हवतं?"

"काही नव्हतं."

"मग तिचं लगीन..." आई म्हणाली. "जयसिंगपूरचं... पोरगा चांगला हुता वो. घरचं बी चांगलं हुतं. मी त्यास्नी सांगितलं, टीबी हुता म्हून. तुमी लिवलं हुतं म्हून सांगितलं. तुमी आसं कसं लिवलं, डाक्टर?"

आणि मग डॉक्टर अळतेकर ते बोलले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते खुर्चीत सरळ झाले, आणि त्या दुपारी मिरजेच्या बाकड्याशी मला ऐकवलं होतं त्याच आवाजात म्हणाले:

"हे बघा बाई, माझी चूक मी कबूल केली. पण 'आहे' असं मी कुठंच म्हटलेलं नाही. मी 'नाकारता येत नाही' म्हटलं होतं. कुणालाही वाचता येणाऱ्याला विचारा. होता, असं तुम्ही सांगितलंत. पाहुण्यांना तुम्ही सांगितलंत. मी नाही."

मला माहीत होतं हा माणूस हेच म्हणणार. त्याच्यासाठीच मी त्याला आणला होता.

त्याच्यावरचा सूड गुरुवारीच पुरा झाला होता. चहा टाकून तो जिन्याकडं गेला तेव्हाच माझी त्याच्याकडची येणी वसूल झाली. तसं पाहिलं तर एका परक्या डॉक्टरनं माझं काय केलं? एक भित्रं वाक्य लिहिलं आणि जेवायला गेला. त्या वाक्याला रोज पाणी घालून कुणी वाढवलं, माझ्या अंगाजवळून पोरगं कुणी उचललं, ते काय मला ठाऊक नव्हतं? पण आईला ते मी सांगून पटणार नव्हतं. तिला पटायचं तर ते अळतेकरांनीच सांगायला हवं होतं.

डॉक्टर उठले. शिरा कुणी पुढं केला नाही, त्यांनी मागितला नाही. दाराशी ते मला म्हणाले, "आता तरी संपलं ना?"

"तुमचं संपलं," मी म्हटलं.

गाडी गेली. वहिनीनं पोराला आत ओढलं आणि दार लोटून घेतलं. आई चटईवरून उठली नव्हती. मी तिच्यासमोर बसले, जवळ नाही, समोर.

"तू त्यास्नी सांगितलंस, आसं बोला म्हून?"

"नाही. ते तसंच बोलतात."

ती रडायला लागली. पदर डोळ्याला लावून, आवाज न करता. दुसरी एखादी मुलगी उठून जवळ गेली असती. मी गेले नाही.

"मी आई हाय गं तुजी. मुद्दाम केलं का म्या? भ्याले हुते."

"कशाला?"

"तुलाच काय झालं आसतं म्हंजे..."

"माझं लग्न मोडून मला काय होणार नव्हतं? नीट सांग. कुणासाठी भ्यालीस?"

"समद्यांसाठीच. घरासाठी."

"घरात तिघं होतो आपण तेव्हा. तू, मी आणि दादा. एकाचं नाव घे."

"आसं कसं नाव घिऊ? आईला समदी सारखीच."

"एकच नाव घे, आई. मी काही उठत नाही."

ती माझ्याकडं बघायला लागली. मी इतकी वर्षं तिच्या डोळ्यांत भीती बघितली होती, ती माझ्या नसलेल्या आजाराची. त्या दिवशी ती माझीच भीती होती. बाहेर दादाची मोटारसायकल येऊन थांबली. स्टँड लागल्याचा आवाज झाला.

"तुज्या दादाचं लगीन जमवायचं हुतं," आई कुजबुजली. "तुला दिली आसती आन् मागनं टीबीचं निघालं आसतं, तर त्याला कुनी पोरगी दिली नसती. त्याच्यासाठी. झालं?"

दादा पिशव्या घेऊन आत आला. आईचा चेहरा बघून दारातच थबकला. "काय झालं? डॉक्टर आलते न्हवं? काय म्हणले?"

आईनं माझ्याकडं बघून नकारार्थी मान हलवली, हळूच, नको म्हणून.

"बस दादा," मी म्हटलं. "आई सांगतीय."